अंदाज एकाच अंकाचा

अकरावीच्या पहिल्या तासाला सर वर्गात आले. हजेरी नाही, स्वतःचं नाव सांगणं नाही. खडू हातात घेतला आणि म्हणाले, "ज्यांचा वाढदिवस एक जूनला असतो त्यांनी हात वर करा."

सत्तरेक पोरांच्या वर्गात अर्ध्याहून जास्त हात वर गेले. माझाही गेला. आम्ही एकमेकांकडे बघून हसायला लागलो. खेड्यातून लातूरला शिकायला आलेल्या आम्हा सगळ्यांना पहिलीत घालताना मास्तरांनी उंची बघून वय ठरवलं होतं आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून तारीख एक जून टाकली होती. आई सांगते की मी झाले तेव्हा ज्वारी काढायला आली होती. म्हणजे जून तर नक्कीच नव्हता.

पुढच्या बाकावर एका डॉक्टरांचा मुलगा बसायचा. तो उभा राहिला. "सर, माझा चौदा ऑगस्ट. सकाळी आठ वाजून सेहेचाळीस मिनिटं."

"घड्याळ कुणाचं होतं?"

"हॉस्पिटलचं, सर."

"पुढं होतं की मागं?"

सर आमच्याकडे वळले. "तुमच्या तारखेतला एक खोटा, जून खोटा. साल बरंचसं खरं, पण त्याचा शेवटचा अंक मास्तरच्या अंदाजाचा. हाच आपला पहिला धडा. मोजून आलेल्या आकड्यात खात्रीचे अंक सगळे लिहायचे आणि अंदाजाचा एकच, तोही शेवटी. त्याच्या पुढं एकही नाही. इंग्रजीत याला सिग्निफिकंट फिगर्स म्हणतात, मराठीत सार्थक अंक. तुम्हा एक जूनवाल्यांना हे जन्मापासून ठाऊक आहे. या डॉक्टरसाहेबांना वेळ लागेल."

त्या दिवसापासून तो मुलगा बारावी संपेपर्यंत 'आठ सेहेचाळीस' झाला. मी 'देवणी' झाले, कारण माझं गाव देवणी. सर कुणालाच नावाने हाक मारायचे नाहीत. गावाच्या नावाने मारायचे. "ए मुरुड, फळा पूस." "ए देवणी, ब्युरेटीची तोटी अशी धरतात का? दूध काढायचंय का तुला?"

सर फळ्यावर दोन रंगांत लिहायचे. खात्रीचे अंक पांढऱ्या खडूने आणि शेवटचा अंदाजाचा लाल खडूने. खिशातही दोन पेनं, निळं आणि लाल. हे वर्गापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण त्यांना वर्ग आणि बाजार यांतला फरक कधी कळलाच नाही. कुणी वेळ विचारली तर "अकराच्या आसपास" म्हणायचे. मिनिटं विचारली तर मनगट पुढं करायचे. "बघ ना, मिनिटकाटा ढिला आहे. त्याच्या भरवशावर मी कसं बोलू?" गंजगोलाईच्या बाजारात भाजी घेताना बाई म्हणाली, "अर्धा किलो भेंडी भरली, सर," की हे म्हणत, "तुझ्या तराजूचा अर्धा किलो, मावशी." ती बाई त्यांना ओळखून होती. "माझा तराजू, माझी भेंडी आन् दात तुमचे. खावा गप."

आता भूकंपाचं सांगते. तो झाला तेव्हा मी अकरावीत होते आणि सर आम्हाला शिकवायला लागून तीन-चार महिने झाले होते. त्यानंतरचे कितीतरी महिने लातूर घरात झोपलं नाही. ट्रक गेला तरी माणसं उठून पळायची. प्रयोगशाळेतली मांडणी आडवी झाली होती आणि काचसामान निम्मं फुटलं होतं. ब्युरेटी म्हणजे खाली तोटी असलेल्या, खुणा केलेल्या उंच काचेच्या नळ्या. त्या मोजक्याच वाचल्या आणि त्यांत बऱ्याच जुन्या होत्या.

त्या दिवसांत अफवांचं पीक आलं होतं. एकदा अशी उठली की गुरुवारी दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी पुन्हा येणार, पहिल्यापेक्षा मोठा. कुणी म्हणे दिल्लीहून तार आली, कुणी म्हणे कुठल्या बुवाला दिसलं. गुरुवारी बारापासूनच सगळं कॉलेज मैदानात. प्राचार्य खुर्ची टाकून लिंबाखाली. आणि सर? सर वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळेत, खिडकीला टेकून चहा पीत उभे.

प्राचार्य खालून ओरडले, "अहो, उतरा खाली! दोन वाजले!"

सर वरून म्हणाले, "साहेब, आज-उद्या कधीतरी येईल असं कुणी म्हणालं असतं तर मीही तुमच्या शेजारी बसलो असतो. तीन दिवसांपूर्वी मीच बाहेर झोपलो होतो. पण हा मिनिटापर्यंत सांगून राहिलाय. जो जमिनीच्या पोटातलं मिनिटापर्यंत सांगतो त्याला काही माहीत नाही. याची मला खात्री आहे."

आम्ही चार-पाच पोरं वर गेलो. भीती वाटत नव्हती असं नाही. खरं कारण असं की सर एकटेच वर आहेत हे बघवत नव्हतं. सरांनी आम्हाला बीकरमधून चहा दिला. दोन सतरा झाले. मग दोन वीस झाले. खाली मैदानात कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. सर म्हणाले, "आपल्या घड्याळाने झाले. त्या बुवाचं घड्याळ मागं असेल तर अजून धोका आहे. अजून एक चहा घ्या." इतकं हसलो आम्ही! कित्येक आठवड्यांनी छताखाली बसून हसलो.

पण आकड्यांच्या बाबतीत त्यांना मी एकदाच चिडलेलं पाहिलं, तेही त्याच सुमारास. भूकंपाच्या गावांत मदतीला गेलेल्या आमच्या एका प्राध्यापकाने येऊन सांगितलं, "त्या गल्लीत सुमारे चाळीस माणसं गेली." सर ताडकन उठले. "सुमारे? तराजूला सुमारे म्हणा, ब्युरेटीला म्हणा. माणसं मोजायची असतात. मोजलेल्या माणसांत अंदाजाचा अंक नसतो." दुसऱ्या रविवारी वही घेऊन ते स्वतः त्या गावाला गेले आणि घरोघरची नावं लिहून आणली. सगळी वही निळ्या शाईत होती. लाल पेन त्या दिवशी त्यांनी नेलंच नव्हतं.

लातुरात क्लासेसचे दिवस येऊ घातले होते तेव्हा. गल्लोगल्ली पत्र्याची शेडं उठत होती आणि सायकलींमुळे रस्ता दिसत नव्हता. अशाच एका क्लासच्या मालकाने सरांना रसायन शिकवायला बोलावलं. महिनाभर ठीक चाललं. मग मालकाने फलक लावला. 'आमचा निकाल ९७.६२ टक्के.'

सरांनी विचारलं, "पोरं किती होती?"

"बेचाळीस."

"पास?"

"एक्केचाळीस."

"मग 'बेचाळीसातली एक्केचाळीस' असं लिहा. खरी मोजदाद आहे, कुणाच्या बापाला खोडता येणार नाही. हे पॉइंट बासष्ट कुणाचं आहे? मुलाचे शंभरातले बासष्ट भाग कुठले पास झाले, डोकं की पाय?"

मालक म्हणाला, "सर, पॉइंटशिवाय पालक येत नाहीत."

सर तिथून निघाले ते परत गेले नाहीत. पुढं त्या क्लासच्या पोरांनी सरांच्या घराकडे जायला सुरुवात केली. सरांच्या ओसरीवर जागा पुरेना, तेव्हा ते गच्चीवर शिकवायला लागले. फलक कधी लावला नाही.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, देवणीच्या बैलबाजारात नावाजलेले. शेती थोडी, पण जनावराची पारख अशी की उदगीर-निलंग्याकडचे लोक बैल घ्यायच्या आधी दादांना तोंड बघायला बोलवायचे. सर एकदा कसल्याशा लग्नाला देवणीला आले आणि बाजार बघायला म्हणून दादांसोबत फिरले. मी होतेच बरोबर. दादांनी एका खोंडाचा जबडा उघडला, दात बघितले आणि म्हणाले, "चार दाती हाय."

"म्हणजे वय किती?" सरांनी विचारलं.

"तीनाच्या म्होरं. साडेतीन आसंल."

"महिन्यांत सांगा की."

दादांनी सरांकडे अशा नजरेने पाहिलं की हा कसला मास्तर. "सर, जनावर दातानं बोलतंय तेवढंच मी बोलतो. म्होरलं त्येलाच न्हाई ठावं, मी कुठलं सांगू?"

सरांनी भर बाजारात दादांना मिठी मारली. खोंड बिचकला. "अगं देवणी, घरात एवढा मोठा मास्तर असताना तू लातूरला कशाला आलीस?" दादा नंतर कितीतरी दिवस आईला विचारत होते, "आगं, म्या आसं काय म्हन्लो?"

आता बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा. हे नीट सांगायला पाहिजे, कारण माझं सगळं त्यावर टांगलेलं होतं. तेव्हा इंजिनिअरिंगला वेगळी परीक्षा नव्हती. बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित यांचे मार्क मिळवायचे, तीनशेपैकी जे होतील त्यावर नंबर. त्यात प्रात्यक्षिकांचे मार्कही आले. आमच्या घरातून दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. दादांनी भाऊबंदांचं ऐकून न घेता मला दोन वर्षं लातुरात ठेवलं होतं आणि ठरलेलं होतं असं की नांदेडजवळ विष्णुपुरीला सरकारी इंजिनिअरिंगला नंबर लागला तर जायचं, नाही लागला तर देवणीला परत यायचं. तिसरी वाट नव्हती. मार्क एकेक करून वेचायचे होते.

आणि आमच्या प्रयोगशाळेची एक जुनी चाल होती. खाजाभाई. खाजाभाई हे प्रयोगशाळेचे सेवक, दाढी पांढरी, मन लोण्याचं. परीक्षेच्या सकाळी ते द्रावणं तयार करायचे आणि एकदा स्वतः करून बघायचे की ब्युरेटीतलं किती मिलिलिटर सोडल्यावर खालच्या द्रावणाला रंग येतो. मग परीक्षेत टेबलाटेबलावर पाणी ठेवता ठेवता तो आकडा पुटपुटायचे. "अकरा चार, बेटा. अकरा चार." सगळी पोरं तीन वेळा तेच लिहायची: ११.४, ११.४, ११.४. बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही ते ठाऊक असायचं. कुणी काही बोलायचं नाही. सर वर्षभर खाजाभाईंशी भांडायचे. खाजाभाई म्हणायचे, "सर, बच्चे घबराते. मी काय चोरी करून राहिलोय का? पानीच तर देतो."

माझ्या वाट्याला सात नंबरची ब्युरेट आली. भूकंपातून वाचलेली, पण आमच्या आधीच्या कितीतरी बॅचनी घासून घासून तिच्यावरच्या बारीक खुणा पुसलेल्या. एकेक मिलिलिटरच्या लांब रेघा तेवढ्या दिसायच्या. मधलं सगळं कोरं. मी पहिल्यांदा केलं. पातळी अकराच्या पुढं, बाराच्या अलीकडे. मधे अंदाजाने सात. खाजाभाई आले, पाणी ठेवलं. "अकरा चार, बेटा."

मी ११.७ लिहिलं. दुसऱ्यांदा ११.५ आलं, तिसऱ्यांदा ११.६. मला नीट माहीत होतं की तीन आकडे जुळले नाहीत तर मार्क जातात आणि शेजारच्या सगळ्यांचे जुळलेले आहेत. खाली एक ओळ लिहिली: 'ब्युरेटीवरच्या बारीक खुणा पुसल्या आहेत, शेवटचा अंक अंदाजाचा.' मग लॉगटेबल काढलं, गणित केलं, उत्तर लिहिलं आणि कागद दिला.

परीक्षक नांदेडहून आलेले होते. वयस्कर, जाड चष्मा. सगळे कागद एकसारखे, माझाच वेगळा. मला बोलावलं. "हे काय? सगळ्यांना अकरा चार येतंय, तुला तीनदा तीन? हात धड नाही का?"

मी म्हटलं, "सर, ब्युरेटीत तेवढंच दिसतं."

आमचे सर बाजूच्या खुर्चीत बसले होते. मधे पडले नाहीत. मला रडू यायला लागलं. परीक्षक उठले. "चल, दाखव." सात नंबरच्या ब्युरेटीशी आले, स्वतः द्रावण भरलं, तोटी सोडली, रंग आला तसं थांबले. आणि वाचायला वाकले. चष्मा लावून बघितलं. चष्मा काढून बघितलं. कागद मागं धरून बघितलं. "अकरा पॉइंट... पाच? नाही, सहा. थांबा..."

खाजाभाई पाण्याचा जग घेऊन शेजारून चालले होते. परीक्षकांच्या कानाशी जरासे वाकले आणि सवयीने, अगदी मायेने, पुटपुटले, "अकरा चार, साहेब. अकरा चार."

मग परीक्षक असे हसले की त्यांना टेबल धरावं लागलं. आमचे सर हसले. खाजाभाईंनी जीभ चावली, "या अल्ला!" म्हणाले आणि तेही हसायला लागले. सगळी प्रयोगशाळा हसत होती, फक्त मी सोडून. माझा जीव प्रात्यक्षिकाच्या वीस मार्कांत होता.

परीक्षकांनी डोळे पुसले. "मुली, तुझं बरोबर आहे. मलाही याहून जास्त दिसत नाही." मग आमच्या सरांकडे वळले. "पैकीच्या पैकी द्यायचे का हिला?"

सरांनी माझा कागद उचलला आणि शेवटपर्यंत वाचला. "नाही. एकोणीस."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सरांनी लाल पेनाने माझ्या उत्तरावर गोल केला. मी लिहिलं होतं ०.०८६२०. "तुझी ब्युरेट तीन अंक बोलली. लॉगटेबल चार बोललं. तू लॉगटेबलचं ऐकलंस. हे शेवटचं शून्य कुणी पाहिलं?"

"सर, शून्यच आहे ते. त्यानं काय होतं?"

"शून्य म्हणजे मी तिथपर्यंत पाहिलं आणि तिथं काही नव्हतं अशी साक्ष. तू पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. त्या रात्रीची बस धरून मी देवणीला गेले आणि दादांना सगळं सांगितलं. दादा संतापले. "शून्याचा येक मार्क? ज्याला किंमतच न्हाई त्याचा?" थोड्या वेळाने मात्र म्हणाले, "तू न पाहता लिवलीस का?" मी हो म्हटलं. मग त्यांनी सरांचा विषय काढला नाही.

निकाल लागला. तीनशेपैकी दोनशे अडुसष्ट. यादी लागायच्या दिवशी मी आणि दादा विष्णुपुरीला जायला निघालो. लातूरच्या स्टँडवर सर हजर, पिशवी घेऊन. "मीही येतो. एका मार्काचा हिशोब माझ्याकडे आहे." नांदेडला उतरल्यावर दादांनी पेढ्यांचा पुडा घेतला. मी म्हटलं, "दादा, आधी नंबर तर बघू." दादा म्हणाले, "नंबर लागू न्हाई तर न लागू, सर आल्यात एवढ्या लांबनं."

कॉलेजात फलकासमोर ही गर्दी. मी वरून वाचत आले. नाव नाही. अर्ध्यात आले, नाव नाही. दादांना वाचता येत होतं थोडं, ते खालून वाचत होते. त्यांनीच बोट ठेवलं. यादीतलं शेवटचं नाव. माझं. ८९.३३ टक्के. त्याखाली लाल रेघ मारलेली आणि रेघेखाली प्रतीक्षा यादी. तिच्यातलं पहिलं नाव एका नांदेडच्या मुलाचं, ८९.०० टक्के. दोनशे सदुसष्ट.

मी मोजलं. एका मार्काने मी आत, तो बाहेर. सरांनी अजून एक मार्क कापला असता तर आम्ही दोघं एका दोरीवर होतो. मग जी ओरडले! दादांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि "हाव, झालं, झालं" एवढंच म्हणत राहिले.

सर कुठे दिसेनात. गर्दीतून बघते तर ते प्रत्येकाला विचारत होते, "रेघेखालचा पहिला कोण? इथं आहे का तो?" भिंतीशी एक किरकोळ मुलगा उभा होता, सोबत त्याचे वडील. नांदेडच्या इतवाऱ्यात शिलाईचं दुकान होतं त्यांचं. ते सरांना म्हणाले, "एक मार्क से रह गया, साहब. एकच मार्क."

"मी मास्तर आहे," सर म्हणाले. "एक मार्क कसा कापतात ते मला ठाऊक आहे. याच हाताने मी या मुलीचा कापला, आणि बरोबर कापला. तुझाही कुणीतरी बरोबरच कापला असेल, बाळा. पण परीक्षा एवढं बारीक मोजत नाही. तू आणि ही, तुमच्यातला फरक अंदाजाच्या अंकातला आहे. त्यांना कुठंतरी रेघ मारायची होती, मारली. ती खरी समजू नकोस. घरी जाऊ नकोस, दुसरी यादी लागेपर्यंत इथंच चौकशी कर."

मग दादांच्या हातातला पुडा घेतला, दोरी तोडली आणि पहिला पेढा त्या मुलाला दिला.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पेढा माझा होता, नंबर माझा होता. मुलाने वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ले ले, बेटा." त्याने पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघून कसानुसा हसला. मग मलाही हसू आलं. दुसरा पेढा मी घेतला.

आठवड्यानंतर दुसरी यादी लागली, त्यात तो आत आला. चार वर्षं आम्ही एकाच प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या टेबलांवर होतो. कधी तो पुढं, कधी मी. शेवटच्या वर्षी मी त्याच्या पुढं होते, चांगल्या तीन मार्कांनी. आमच्या खानदानातली पहिली पदवी. मी लगेच सरांना पत्र टाकलं. दोघांचे मार्क लिहिले, फरक खाली अधोरेखित केला.

सरांचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ होती, निळ्या शाईत.

'दोघांचंही अभिनंदन.'